‘तापी’साठी सेट

३ ऑक्टो. ८८, भुसावळ
नानांच्या डोळ्याची पट्टी आज बदलली. मोतीबिंदू निघाला. अजून महिनाभर वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान माझ्यावर, मी त्यांच्या हाताखालचा. तीन ट्रान्झिस्टर, एक टेप, एका शाळेचा लाऊडस्पीकर, सगळे आजच पाहिजेत म्हणे. शाळेच्या शिपायाशी वाजलं. नाना आतून म्हणाले, "प्रकाश, गिऱ्हाईक आहे ते, प्रोफेसर नाही."
टोमणा कळला. प्रोफेसरची कॉलर धरली म्हणून इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धं सोडलं, हे नाना मला विसरू देत नाहीत.
संध्याकाळी व. आली. सावद्याहून बस, इथून रेल्वेनं जळगाव, कॉलेज, मग परत. रोज दुकानासमोरून जाते. आज प्रथमच आत आली. (पूर्ण नाव वहीत लिहीत नाही. नाना वाचत नाहीत, पण डोळा बरा होईल कधीतरी.) भावाचं पत्र होतं, नानांसाठी. पाच मिनिटं उभी होती. स्टूल पुसून दिलं तरी बसली नाही.

४ ऑक्टो.
पत्र नानांना वाचून दाखवलं. व.चा भाऊ विलासदादा, पंधरा वर्षं नेव्हीत, आता सुटला. पीटर नावाच्या जोडीदाराबरोबर गोव्याला शिडाची लाकडी होडी घेतलीय. नाव ठेवलंय ‘तापी’. जानेवारीत दोघंच सेशेल्सला निघणार. वीस दिवस नुसतं पाणी. विचारतो, लांब पल्ल्याचा रेडिओ कोणता घ्यावा? जागा, बॅटरी आणि एरियल, सगळं एकाच सेटपुरतं. नाना मालवाहू बोटींवर वीस वर्षं रेडिओ ऑफिसर होते, म्हणून त्यांना लिहितो, तुम्ही सांगाल तो घेईन.
सावद्याच्या केळीवाल्याचा पोरगा समुद्र ओलांडणार आणि सल्ला भुसावळला मागतो. इथं पाणी नळाला एक दिवसाआड येतं.
नाना मात्र हसले नाहीत. चहा थंड झाला.

६ ऑक्टो.
नानांनी दोन दिवस शिकवणी घेतली. डोळा बांधलेला, बोटानं हवेत एरियल काढतात.
बंदरातला छोटा सेट बाद. पंचवीस-तीस मैल, बस. उरले दोन.
एक, सागरी सेट. ठरलेली चॅनेल्स, त्यातलं एक संकटाचं. किनाऱ्यावर आणि जहाजांवर त्या चॅनेलला चोवीस तास कोणीतरी ड्यूटीवर कान देऊन बसलेलं असतं. पण घरी आवाज येणार नाही. आली तर तार.
दोन, आमच्यासारख्या हौशी लोकांचा सेट, ज्याच्यावर आम्ही वरच्या खोलीतून जगाशी गप्पा मारतो. तो थेट भुसावळशी बोलेल. रोज. पण संकटाच्या चॅनेलवर त्याचं बोलायचं बटणच चालत नाही. कंपनीनंच बंद केलेलं असतं. ऐकणारा कोण? जो त्या वेळेला बसला असेल तो.
मी म्हटलं, विलासदादाकडे हौशीचंही लायसन आहे.
नाना म्हणाले, "लायसननं होडी तरंगते का?"

८ ऑक्टो.
व. विचारायला आली, नानांचं काय ठरलं? नाना झोपलेले. मीच दोन्ही सेट समजावले. नीट ऐकते ती, मधेच प्रश्न विचारते, वर्गातली पोरं विचारत नसत असे.
म्हणाली, "दुसऱ्यात दादाचा आवाज इथं येईल? रोज?"
रोज. संध्याकाळी साडेसहाला.
"आई जेवत नाही रे, तो गेला की. आवाज आला तर जेवेल."
आणि जाताना, "मग आम्हाला रोज इथं यावं लागेल."
आम्हाला. इथं. रोज.
एक वॉल्व्ह फोडला.

११ ऑक्टो.
लिहूनच टाकतो.
दुपारी नानांनी उत्तर सांगितलं, मी लिहिलं. नेहमीची पद्धत. ते डोळे मिटून बोलतात, मी लिहितो, मी बोट ठेवतो तिथं ते सही करतात. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं: "चि. विलास, सागरी सेटच घे. हौशी सेटवर ऐकणारा मित्र असतो, सागरी सेटवर ऐकणारा नोकर असतो. समुद्रात मित्रापेक्षा नोकर बरा. मित्र आजारी पडतो, लग्नाला जातो, रुसतो."
मी लिहिलं, हौशी सेट घे. घरच्यांना रोज आवाज ऐकू येईल, आम्ही इथं आहोतच. पुढे एरियलची लांबी, बॅटरी, सगळं नीट. अक्षर सुरेख आलं.
नानांनी सही केली. म्हणाले, वाच एकदा.
वाचलं. त्यांचं वाचलं, माझं नाही.

१२ ऑक्टो.
पेटीत टाकलं. टाकल्यावर पोस्टासमोर उभा होतो बराच वेळ. शिक्के मारणाऱ्याकडून परत मागता आलं असतं. साडेपाचची गाडी आली, व. उतरली, मी पेटी विसरलो.
काय बिघडलं? त्याच्या आईसाठीच केलं. आणि त्याचं लायसन आहे.

२३ ऑक्टो.
दसऱ्याला घरी धुळ्याला गेलो होतो. वडिलांनी, भाऊंनी, सोनं दिलं आणि लगेच सुरू केलं, "आते काय करनं शे तुले? हाई बठ्ठं सोड अन् घर ये." मी म्हटलं, एक होडी माझ्यावर अवलंबून आहे. माय घाबरली, तिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. भाऊ हसले. मी ताटावरून उठलो.
इथं आलो तर विलासदादाचं कार्ड. "नानांचा सल्ला शिरसावंद्य. मुंबईच्या एका हौशी मित्राकडून जुना जपानी सेट मिळतोय. दिवाळीत घेऊन येतो."
नाना परवाच पुण्याला मुलीकडे गेले. कार्ड फाईलला लावलं नाही.

६ नोव्हें., सावदा
सेटची चाचणी, व.च्या मळ्यात. विहिरीजवळच्या खोलीपासून निंबापर्यंत तार, खाली केळी. आर्थिंगला ओल्या काळ्या मातीत तांब्याची सळई. दहा मिनिटांत श्रीलंका, मग मस्कत, मग कुणीतरी इटालियन. गावातली निम्मी माणसं जमलेली. विलासदादाचे वडील, आबा, पंचा डोक्याला गुंडाळून उकिडवे बसले होते. म्हणाले, "मले त्या डबड्यातलं काही समजत नई. पोरगं बोललं, आपन आयकलं, झालं."
विलासदादा मोकळा माणूस. खांद्यावर हात टाकतो. मला वाटलं होतं भाऊ म्हणून डोळे वटारेल, पण "पक्याशेठ, पक्याशेठ" करत सगळं दाखवत होता. तेच जड गेलं.
विहिरीवर पाय सोडून बसलो होतो तेव्हा म्हणाला, "खरं सांगू? माझा कल सागरी सेटकडे होता. पीटर तर भांडला. पण नानांनी लिहिलं म्हटल्यावर विषय संपला. त्यांनी दोन बुडती जहाजं ऐकलीत."
आत्ता सांग, असं झालं मनात. तेवढ्यात व. पितळीत केळीचे वेफर्स घेऊन आली.
विलासदादानं विचारलं, "रोज साडेसहाला बसशील ना?"
बसेन.
"आजारी पडलास तर?"
"तरी बसेन."
व. बघत होती माझ्याकडे. फार बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

११ डिसें.
नाना परवा परत आले. जाड भिंगाचा चष्मा. पहिला प्रश्न, विलासनं कोणता घेतला?
"हौशी."
"सांगूनही?"
मी टेपचा पट्टा बसवत होतो. मान वर केली नाही.
नाना म्हणाले, नेव्हीवाले हट्टीच. मग, "आता तू जागचा हलायचं नाहीस. मी जानेवारीत दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा पुण्याला. त्याला समुद्रात एकच कान आहे आणि तो तुझा आहे."
त्यानंतर येईल त्याला सांगतात, मी सांगितलं होतं, पोरानं ऐकलं नाही. स्टेशनमास्तरला, पानवाल्याला. आज व.लाही सांगितलं. ती म्हणाली, दादा असाच आहे.
मी होतो तिथेच.

२ जाने. ८९
‘तापी’ सकाळी गोव्याहून निघाली. साडेसहाला पहिला आवाज. स्वच्छ, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. व., तिची आई, आबा, तिघं वरच्या खोलीत. त्यांना बोलायची परवानगी नाही, नुसतं ऐकायचं. आईनं तोंडाला पदर लावला आणि मला खूण करते, "जेवला का इचार त्याले." विचारलं. पीटरनं मासा केलाय म्हणाला. आईनं तोंड वाकडं केलं, मग हसली.
ठिकाण वहीत घेतलं. अक्षांश, रेखांश, वारा, तब्येत.
व. जिना उतरताना मागे वळून म्हणाली, "उद्या."

५ जाने.
रोज येतात. आबा आता येत नाहीत, व. आणि आई. आई डबा आणते, मलाही. आज कळण्याची भाकरी, ठेचा. व. नकाशावर टिंब मारते, शाळेचा ॲटलास आहे तिचा. टिंबं खाली-खाली चाललीत. आमच्यात सेट आहे, वही आहे, आई आहे, तरी असे दिवस मला पुन्हा मिळायचे नाहीत.
नाना एक तारखेलाच पुण्याला गेलेत.

९ जाने.
आवाज पातळ. शब्द गिळले जातात. विलासदादा म्हणाला दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी येतंय, काही विशेष नाही, लाकूड फुगलं की बसेल. "दिवसातून दोनदा पंप मारतो." हसत म्हणाला. पीटरचा आवाज मागून आला, काय म्हणाला कळलं नाही, हसत नव्हता.
आईनं विचारलं, "पंप कायले?" व. म्हणाली, होडी धुतात गं.

११ जाने.
आता चारदा पंप.
मी म्हटलं, जवळ जहाज दिसलं तर सांगून ठेव. तो म्हणाला, सांगू कसं? त्यांचं चॅनेल माझ्याकडे नाही ना. सहज म्हणाला. मला मात्र सेट बंद करून टाकावासा वाटला.
व.नं वहीत वाकून पाहिलं, मी पंपाचा आकडा लिहिलाच नव्हता.

१२ जाने.
अडीच अंश उत्तर, बासष्ट पूर्व. वारा पडलेला, मधेच काळे झटके. बॅटरी कमी म्हणून दीड मिनिटच. "उद्या नीट बोलतो. उद्या वेळेवर ये पक्याशेठ, थोडं काम आहे तुझ्याकडे."
काय काम ते सांगितलं नाही.
आज व. आली नव्हती. आईही नाही. एकटाच.

१३ जाने.
दुपारी दोनला व. दुकानात. कॉलेजला गेलीच नाही. उभ्याउभ्या म्हणाली, आज रावेरचे लोक बघायला येताहेत. मुलगा बँकेत. "तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आले."
मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. स्टूल लाथेनं उडवलं हे खरं. म्हटलं मी तुझ्यासाठी काय काय केलंय तुला माहीत नाही. ती पांढरी पडली पण हलली नाही.
"मला कधी विचारलंस तू? कॉलेज सोडलंस, कोणाला विचारलंस? माझ्यासाठी काय केलंस तेही तूच ठरवलंस. तू विचारत नाहीस, प्रकाश. ठरवतोस."
आणि शेवटी, "आज आम्हाला येता येणार नाही. दादाला सांग, सगळे बरे आहेत."
सांग म्हणे. मी कोण, पोस्टमन?
शटर ओढलं. चारची धुळे बस. हे बसमध्ये लिहितोय, अक्षर नाचतंय. पारोळ्याच्या आसपास घड्याळात पाहिलं, सहा पस्तीस. एक दिवस. एका दिवसानं काय होतं? देशात एवढे हौशी आहेत. बसला असेल कोणीतरी.

१४ जाने., धुळे
संक्रांत. मायनं तिळाचे लाडू केले. भाऊ आज गोड बोलतात, त्यांना वाटतंय कायमचा आलो. गच्चीवर पोरं पतंग काटताहेत. साडेसहाला मी गच्चीवरच होतो. मुद्दाम घड्याळ काढून ठेवलं होतं, तरी कळलं.
आता जायचं म्हटलं तरी उशीर. उद्या पहिल्या बसनं.

१५ जाने., भुसावळ
साडेसहा. फक्त खरखर. सात. साडेसात. बँड उघडा होता, मस्कत येत होतं, श्रीलंका येत होतं.
व. आणि आई आल्या होत्या. म्हटलं, आज हवा खराब आहे. आई म्हणाली काल-परवा कसा होता? "बरा होता." तोंडातून निघून गेलं. आई डबा तसाच घेऊन गेली.

१६ जाने.
नाही.
सात वाजता मंगळूरच्या एका हौशीनं मला हाक मारली. आवाजावरून म्हातारा, सावकाश इंग्रजी. म्हणाला, तू कुठे होतास? तेराला एक फार बारीक आवाज तुझं स्टेशन बोलावत होता. मी उत्तर दिलं, त्याला ऐकू गेलं नाही. चौदाला पुन्हा. वीस मिनिटं नुसतं भुसावळ, भुसावळ. एक शब्द ‘पंप’ असा वाटला. ठिकाणाचे आकडे दिले बहुतेक, मला घेता आले नाहीत.
व. खाली जिन्यात होती. तिनं किती ऐकलं माहीत नाही. ऐकलं असेल तर चेहऱ्यावर दिसलं नाही.

१७ जाने.
नाही. सकाळी सहालाही बसलो. दिवसभर शटर अर्धं. गिऱ्हाईक वाकून बघतात आणि जातात.
रावेरच्या लोकांना होकार कळवलेला नाही असं पानवाला म्हणाला. कळवला असता तरी आज काही वाटलं नसतं.

१८ जाने.
आबा सकाळीच आले, अंगात कोट, पायात बूट. तार ऑफिसात गेलो, ते, व., मी. मुंबईचा ट्रंक कॉल, समुद्रात शोध घेणारं ऑफिस आहे तिथं. दोन तासांनी लागला. आबांनी फोन माझ्या हातात दिला, तूच सांग, तुले समजते.
साहेब शांत होता. होडीचं नाव, रंग, शिडं, माणसं. संकटाच्या चॅनेलवर काही? नाही, तो सेट नाही. मग शेवटचं ठिकाण? मी वहीतून वाचलं. तारीख? बारा. तो म्हणाला रोजचा संपर्क होता ना, मग तेरा आणि चौदाचं ठिकाण द्या. दोन दिवसांत होडी दीड-दोनशे मैल सरकते, कुठे शोधू?
बूथचं दार उघडं होतं. आबा आणि व. हातभर अंतरावर.
"तेरा-चौदाला मी सेटवर नव्हतो."
"लाईनचा दोष?"
"नाही. मी नव्हतो."
त्यानं लिहून घेतलं. लिहिण्याचा आवाज फोनमध्ये येत होता. त्या बाजूच्या जहाजांना नजर ठेवायला सांगतो म्हणाला, विमानाचं वर विचारतो, इतक्या लांब कठीण आहे.
बाहेर आल्यावर आबांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. बूट काढून हातात घेतले, चावत होते, आणि तसेच अनवाणी स्टँडकडे चालू लागले. व. त्यांच्या मागे. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

१९ जाने.
नाही.
सहाच्या सुमाराला एकदा खरखरीत काहीतरी होतं. कुणीतरी बटण दाबून धरलंय, बोलत नाही, असं. तीन-चार सेकंद. पुन्हा आलं, मग नाही. बॅटरी मेलेली असली की असंच होतं. किंवा दुसराच कोणी जगात कुठेतरी सेट जुळवत असेल. मंगळूरवाल्याला विचारलं, त्यानं ऐकलं नव्हतं.
वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. मुंबईला कळवलं. तोच साहेब. म्हणाला दिशा कळली का? कशी कळणार. ठीक आहे म्हणाला, बसत राहा.

२० जाने.
सव्वासहाला जिन्यावर पावलं. व. एकटीच. आई अंथरुणावर आहे म्हणाली. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं आता बोलेल, जे बोलायचं ते. ती भिंतीजवळच्या खुर्चीत बसली, ॲटलास मांडीवर, बंदच.
खालून टांग्यांचा, बसचा आवाज. मी डायल उगाच पुढे-मागे करत होतो.
मग ती स्वतःशी बोलावं तसं म्हणाली, "तुझ्यावर चिडले मी. पण मूळ चूक दादाचीच. नानांचं ऐकून तो सागरी सेट घेतला असता तर आज एवढं..." वाक्य सोडून दिलं.
माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं तिनं. नुसतं गप्प बसायचं होतं. तीन महिने बसलो होतो तसं.
म्हटलं, "दादानं नानांचं ऐकलंच. त्याला आलेल्या पत्रात हाच सेट होता. नानांनी दुसरा सांगितला, मी हा लिहिला."
तिला आधी कळलंच नाही. पुन्हा सांगितलं. सहीचंही सांगितलं.
ती उठली. ॲटलास खाली पडला, तिनं उचलला नाही. दारापर्यंत गेली, चौकटीला हात धरून थांबली.
"का?"
घड्याळात साडेसहा. मी बटण दाबलं. ‘तापी’, ‘तापी’, भुसावळ बोलतोय. तीनदा. सोडलं. कान लावला.
खरखर.
ती दारातच उभी होती, अजून आत नाही, बाहेर नाही. मी पुन्हा बटण दाबलं.